शिवलेल्या खिशातले तीन फ्यूज

या सदराचा मी जुना वाचक आहे, पण वाचायचो ते चुका काढायला. हातात पेन्सिल असायची आणि लोकांच्या भुताटकीच्या अनुभवांच्या समासात मी कारणं लिहायचो – सैल अर्थिंग, उंदीर, दारू. एकोणतीस वर्षं वीज खात्यात काढलेला माणूस मी. करंट डोळ्यांना दिसत नाही एवढंच, बाकी त्याच्यात गूढ काही नाही. वाट दिली की जातो, नाही दिली तर थांबतो. खेड्यांतले लोक ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला लिंबू-मिरची बांधायचे, ती मी स्वतः काठीनं तोडून टाकत असे. आता माझ्याच अनुभवाच्या समासात काय लिहावं, ते सात महिने झाले तरी सुचलेलं नाही.

हे डाव्या हातानं लिहितोय, अक्षराबद्दल संपादकांनी माफ करावं. उजव्या हाताची दोन बोटं आता नाहीत. ती कशी गेली हे सांगायचं तर आधी देवाजी नावाच्या एका माणसाचं घर मी कसं मोडलं ते सांगावं लागेल... आणि ते मी अकरा वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आमचं घर मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, आजोबांच्या कोर्टातल्या नोकरीपासूनचं. मागच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, सिमेंटची जमीन, एकच दार. पंचावन्नाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना सांगितलं, छंद पुरा करायचाय. छंद म्हणजे एक गाडी – साठच्या दशकातली, दोन सीटची, कापडी छपराची लाल इंग्लिश स्पोर्ट्स कार. इकडच्या एका खाणीच्या साहेबानं आणलेली, मग एका राइस मिलच्या गोदामात कोंड्याच्या पोत्यांखाली तीस वर्षं पडलेली. इंजिन आणि बॉडी नागपूरहून करून आणली. वायरिंगला मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. उंदरांनी कुरतडलेला सगळा गुंता काढून टाकला आणि एकेक वायर नव्यानं ओढली.

तरी गाडी नीट चालेना. उजवा इंडिकेटर दिला की वायपर हलायचा. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद व्हायचे. नलू – माझी बायको – दारातून बघायची आणि म्हणायची, "अगदी तुमच्यावर गेली ही गाडी. विचारा एक, सांगते दुसरंच."

कारण साधं होतं. बॉडीला नवा रंग दिलेला, आणि रंगातून करंट जात नाही. जिथं जिथं अर्थचा स्क्रू होता तिथला रंग मी खरवडून पत्रा उघडा केला, टेस्ट लॅम्प लावून एकेक जागा तपासली. मदतीला इस्माईलभाई होते. सत्तरीतले, बसस्टँडमागे ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं त्यांचं, आता मुलगा बघतो. ते हिंदीत बोलायचे, मी अर्धं मराठीत उत्तर द्यायचो, दोघांना सवय होती. दहा दिवसांत वायपर ताळ्यावर आला.

मग फ्यूज सुरू झाले.

मूळ गाडीत फ्यूज दोनच होते, मी तीन केले. काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूची टोपी, करंगळीच्या दोन पेरांएवढे. इंजिनचं इग्निशनही मी त्यांतूनच नेलं होतं, म्हणजे फ्यूज गेला की गाडी जागच्या जागी मरणार. फेब्रुवारीत एका सकाळी फाटकापाशीच गाडी बंद पडली. फ्यूजची पेटी उघडली. फ्यूज उडालेले नव्हते – तिथं नव्हतेच. तिन्ही खाचा रिकाम्या. सीटखाली पडले का म्हणून मी वाकलो, तर माझ्याच शर्टाच्या वरच्या खिशातून तीन काचेच्या नळ्या सिमेंटवर पडल्या.

वय झालं, म्हटलं. काढून ठेवले असतील, विसरलो असेन. पडून दोन फुटले होते, म्हणून दोन नवे, एक जुना असे परत बसवले. आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा इस्माईलभाई माझ्या खिशाकडे बघून म्हणाले, "गाड़ी दो सीट की है साहब. ये तीसरा कौन बैठता है जो फ्यूज निकालता है?"

त्यांनी थट्टेतच म्हटलं होतं. मला हसू आलं नाही. फ्यूज काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवणारी माणसं मला माहीत होती. दोनच होती.

जे वीज खात्यात नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. ट्रान्सफॉर्मरच्या खाली एक पेटी असते, तिच्यात चिनी मातीच्या तीन ग्रिपा. म्हणजे मोठे फ्यूजच. त्या उपटल्या की गावाची लाइन बंद. नियमानं कागदाचं परमिट घ्यायचं असतं, सही, वेळ सगळं. खेड्यात तो कागद मागाहून ऑफिसात बसून भरला जायचा. खांबाखाली चालायचा तो खिसा. एक जण वर चढणार, दुसरा तिन्ही ग्रिपा उपटून आपल्या वरच्या खिशात घालून ट्रान्सफॉर्मरखाली बसणार. वरचा माणूस खाली येऊन स्वतःच्या तोंडानं मागत नाही तोवर त्या कुणाला द्यायच्या नाहीत. सख्ख्या बापाला नाहीत, साहेबाला नाहीत.

तो साहेब मी होतो. त्या भागाचा जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनियर.

किरनापूरकडचं गाव, नाव सांगत नाही, तिथं लोक राहतात अजून. सुखराम खांबावर होता. खाली देवाजी. देवाजीची सख्खी बहीण सुमन ही सुखरामची बायको, म्हणजे दोघं मेहुणे, आणि जोडीनंच काम करायचे. गावच्या शाळेत मोठ्या लोकांचा कार्यक्रम चाललेला, पंखे बंद, आणि मला वरून फोनवर फोन. मी जीप घेऊन आलो.

"ग्रिपा दे," मी म्हणालो.

"भाऊजी वर हाये साहेब."

"उतरला तो. तो काय बांधावरून येऊन राह्यला."

देवाजीनं उठून, डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "तो नोहे. भाऊजीची चाल मले माहीत हाये. दहा मिंटं बसा साहेब, चहा सांगतो."

शाळेतून माझ्यामागे चार-पाच जण आले होते. त्यांच्यातला एक हसला. म्हणाला, "जेई साहेबाले चहा पाजून राह्यला बे देवाजी. हुकूम कोनाचा चालते इथं?" बाकीचेही हसले.

एवढंच झालं. त्या हसण्यापलीकडे माझ्याजवळ दुसरं कारण नाही, अकरा वर्षं शोधून सापडलं नाही.

माझ्या मुठीत प्लायर होती. तीच मूठ मी त्याच्या तोंडावर मारली. दात तुटल्याचा आवाज आला – ओली फांदी मोडल्यासारखा. तो खाली पडला. मार खाणारा माणूस हात तोंडावर नेतो ना? देवाजीनं दोन्ही हात खिशावर ठेवले. मी त्याच्या हातांवर बूट मारले. एकदा, दोनदा, किती ते आठवत नाही. मग खिसा फाडला, त्याच्या रक्तानं निसरड्या झालेल्या ग्रिपा काढल्या आणि पेटीत ठोकल्या. एक, दोन, तीन.

बांधावरून येणारा माणूस सुखराम नव्हता. सुखराम तीनशे पावलांवर, खांबावर होता. कमरेच्या दोरानं तो वरच लटकून राहिला, खाली घ्यायला वीस मिनिटं लागली. उजव्या तळहातातून करंट शिरलेला, तिथं कोळसा. डाव्या पायातून बाहेर पडलेला, बुटाचा तळ फाटून. तो वास मी इथं लिहिणार नाही.

चौकशीत मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं – देवाजी दारू प्यालेला होता, त्यानं स्वतःच ग्रिपा लावल्या. देवाजी बोलूच शकत नव्हता, जबडा फुटलेला. शाळेतून माझ्यामागे आलेल्या त्या चार-पाच जणांनी साहेबाविरुद्ध तोंड उघडलं नाही. आणि संध्याकाळपर्यंत सुखरामच्या भावकीनं त्याला घरातून ओढून चौकात मारला. गुडघा ठेचला. त्याच्या तोंडावर पहिला मार कुणाचा हे मग कुणी विचारलंच नाही, इतक्या जणांनी मारलं होतं. त्याची नोकरी गेली, दोन वर्षं तुरुंगात काढली. पण खरं नुकसान ते नव्हे. मसणात त्याची बहीण त्याच्या अंगावर थुंकली आणि म्हणाली, तू माह्या नवऱ्याले जाळलं. त्यानंतर अकरा वर्षं तिनं सख्ख्या भावाला दारात उभं केलं नाही.

मी बदली मागून घेतली. आणि त्या रस्त्यानं पुन्हा गेलो नाही.

आता गाडीकडे येतो. तिसऱ्या वेळेनंतर मी ठरवलं, याचा छडा लावायचा तर रीतसर लावू. नवे तीन फ्यूज घेतले. मुलीची जुनी लाल नेलपॉलिश घरात होती, त्या पॉलिशनं मी खुणा केल्या – पहिल्यावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. पेटीचं झाकण चार स्क्रूंनी बंद केलं आणि स्क्रूंच्या डोक्यांवर पांढरा रंग भरला, फिरवले तर तडकेल असा. मग नलूला शर्ट दिला आणि म्हटलं, वरचा खिसा शिवून टाक.

"फाटला नाही तर शिवू काहून?"

"तोंड शिव त्याचं. काही आत जायला नको."

"एकोणतीस वर्षं करंट अंगावर घेतला, आता डोक्यात गेला वाटते," ती म्हणाली, पण शिवला. सुईत हिरवा दोरा होता, तोच वापरला. टाके बारीक, जवळजवळ.

मार्चमधला दिवस, सकाळचे साडेदहा-अकरा. इस्माईलभाई चालवत होते. मी बाजूला, मांडीवर मल्टिमीटर, त्याच्या वायरी फ्यूजच्या पुढे जोडलेल्या. काटा बारा-साडेबारा व्होल्टवर स्थिर होता. शहराबाहेर आलो तसं त्यांनी किरनापूरचा रस्ता धरला.

"इधर काहून?" मी विचारलं.

"इधर रोड नया बना है साहब. गाड़ी का दिल तो देखें."

नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. गाडी सुरेख पळत होती. दोन्हीकडे धानाची रिकामी शेतं, कापलेले बुंधे. मी मीटरकडेच बघत होतो, म्हणून कुठं आलो ते कळलं नाही. काटा एकदम शून्यावर पडला. इंजिन मेलं. गाडी आपल्या वेगानं घरंगळत गेली आणि थांबली. मी मान वर केली.

समोर तोच ट्रान्सफॉर्मर होता. खांब नवे, पेटी नवी, पण जागा तीच. शाळेची भिंत, बांध, सगळं.

फ्यूजपेटी पाहिली. चारही स्क्रूंवरचा पांढरा रंग अखंड. मीच पेचकसानं तो फोडला, झाकण काढलं. आत तिन्ही खाचा रिकाम्या.

माझ्या डोक्यात एकच आलं – हा म्हातारा. हाच माझ्याशी खेळतोय. रोज शेडमध्ये येणारा दुसरा कोण होता? याला कुणीतरी सांगितलंय, आणि मुद्दाम इथं आणलंय. मी त्यांना गळ्याला धरून गाडीतून बाहेर ओढलं.

"कोणी सांगितलं तुला? बोल. फ्यूज दे."

"साहब, मेरे पास कहाँ से–"

मी मारलं. पेचकसाची मूठ हातात तशीच होती. त्यांचा ओठ फाटला, चष्मा रस्त्यावर गेला, खालची कवळी तोंडातून बाहेर आली. सत्तरीचा माणूस. ते मडगार्डला धरून खाली बसले, आणि मी वाकून त्यांच्या सदऱ्याचा खिसा फाडला. आत तंबाखूची डबी आणि नातीच्या औषधाची चिठ्ठी. दुसरं काही नव्हतं.

फाटलेला खिसा माझ्या हातात होता, तेव्हा मागून कुणीतरी बोललं.

"जेई साहेबच ना तुमी?"

रस्त्याच्या कडेला बांबूवर पोतं टाकून एक म्हातारी मुरमुरे-फुटाणे विकत बसली होती. ती जागची उठलीही नव्हती.

"पह्यलेबी असाच मारला होता," ती म्हणाली. "इथंच. देवाजीले. असाच खिसा फाडला होता त्याचा."

मी वळून विचारलं, "तुम्ही पाहिलं होतं?"

"हौ. मी काय आंधळी हावो? पोलीसबी आलते तवा. मले कोनं इचारलंच नाई."

इस्माईलभाई तोंडावर हात धरून माझ्याकडे बघत होते. बोटांतून रक्त गळत होतं. त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या छातीकडे दाखवलं. "अपनी जेब देखो साहब."

मी कापडावरून चाचपलं. शिवलेल्या खिशात तीन कठीण नळ्या होत्या. गरम. हिरवे टाके जसेच्या तसे, एकही उसवलेला नाही. हे मी नीट पाहिलंय, इस्माईलभाईंनीही पाहिलंय, दोघांनी वाकून पाहिलंय. मग मी तो खिसा ओढून फाडला आणि तिन्ही फ्यूज उजव्या तळहातावर घेतले. एक ठिपका. दोन ठिपके. तीन ठिपके.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मूठ आपोआप मिटली आणि उघडेना. दंडातून काहीतरी आत गेलं, दातावर दात बसले, ओरडायचं होतं पण घसा बंद. तोच वास आला, अकरा वर्षांपूर्वीचा, आणि तो माझाच होता. डाव्या पायाखाली कुणी खिळा ठोकावा तसं झालं. इस्माईलभाई सांगतात, माझ्या मुठीतून निळा उजेड निघत होता आणि मी उभ्याउभ्या थरथरत होतो. ते हात लावायला धावले, तर म्हातारीनं त्यांना मागं ढकललं. पोतं बाजूला फेकून तिनं आपला वाळका बांबू उपटला आणि माझ्या मनगटावर घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हाड मोडलं तेव्हा मूठ सुटली. मी रस्त्यावर पडलो. डाव्या बुटाचा तळ फाटला होता.

फ्यूज कुठं गेले ते कळलं नाही. नंतर इस्माईलभाईंनी आणि गावातल्या लोकांनी रस्ता झाडून काढला. मिळाले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी तळहात पाहिला, पाय पाहिला, म्हणाले, "कौन-सी लाइन पर थे?"

"गाडीची बॅटरी," मी म्हणालो. "बारा व्होल्ट."

ते हसले नाहीत. त्यांना वाटलं मी चोरीचा आकडा टाकताना भाजलो आणि लपवतोय. वाचकांपैकी जाणत्यांनाही शंका येईल, म्हणून लिहितो. बारा व्होल्टची बॅटरी दोन्ही हातांनी धरा, मुंगीसुद्धा चावत नाही. अंगठी टर्मिनलला चिकटून बोट भाजल्याचं मी पाहिलंय, पण माझ्या बोटात अंगठी नव्हती, बॅटरीला माझा हात लागलेला नव्हता, आणि हातातून शिरून पायातून निघायला बारा व्होल्ट पुरत नाहीत. वरची लाइन म्हणाल, तर तीही मेलेली होती. त्या दिवशी दहा ते तीन तो पूर्ण फीडर, म्हणजे त्या भागाची मुख्य लाइन, दुरुस्तीसाठी बंद होता. सबस्टेशनचं लॉगबुक मी बरा झाल्यावर स्वतः पाहिलं. त्या गावात त्या घटकेला कुठंच करंट नव्हता.

बोटं कापली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नलूला सगळं सांगितलं. देवाजीचे हात खिशावर होते, हेसुद्धा. ती संत्रं सोलत होती. सोलणं थांबलं.

"खिसा मीच शिवला होता ना," ती म्हणाली. "म्हणजे तिथवर मीपण आली तुमच्यासंग." मग संत्रं तसंच ठेवून उठली. "आधी देवाजीच्या बहिणीला सांगा. मग घरी या. तोवर नका येऊ."

ती खरंच तसं वागली. दवाखान्यातून मी इस्माईलभाईंच्या घरी गेलो, ज्यांचा ओठ मी फाडला होता. त्यांच्या मुलानं मला पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. इस्माईलभाई एवढंच म्हणाले, "मारा आपने मुझे, पर ढूँढ़ किसी और को रहे थे. चलो, मिल लो उससे."

त्यांच्याच बाईकवर मागे बसून मी खैरलांजीला गेलो. देवाजी तिथं सायकलचं पंक्चर काढतो. जबडा एका बाजूला सरकलेला, एक पाय वाकत नाही म्हणून सरळ पसरलेला. त्यानं मला ओळखलं. हातातली ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला.

"देवाजी, मी सांगायला आलो–"

"मले काय सांगता," तो म्हणाला. "मी तिथंच होतो."

त्यानं बुडबुड्यापाशी काडी टोचून खूण केली.

"सुमनले सांगा. मी सांगितलं तं ते म्हनते, खोटा हायेस. तुमी साहेब मानूस. तुमचं खरं वाटंल."

"तू पण चल."

"नाई. ते बलावंल तवा येईन."

सुमनबाईंचं घर त्याच गावात, शाळेच्या मागं. दुपार होती, त्या अंगणात सरपण फोडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, जसं इथं लिहिलं तसं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर हातातली लाकडाची फोड माझ्या खांद्यावर घातली. मग मानेवर, मग बँडेजच्या हातावर. मी पडलो तरी त्या मारत होत्या, आणि तोंडातून आवाज नव्हता, फक्त श्वास. इस्माईलभाईंनी त्यांना अडवलं नाही. मीही हात वर केला नाही. दमल्यावर त्या मातीत बसल्या.

"देवाजीनं देल्या नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही. तोंड फुटलं तरी खिसा सोडला नाही त्यानं."

त्या उठल्या. मग घरात गेल्या आणि एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. वर कुंकवाचे डाग होते. आत जुन्या कागदाची घडी.

"हे माह्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात निंघाले होते," त्या म्हणाल्या. "मसनात नेयाच्या आंधी. लाइनवाल्याईले दाखवले, कोनाले समजलं नाई कायचे होत. मंग ठेवून देले मी. अकरा वर्षं झाले."

कागदात काचेच्या तीन नळ्या होत्या, दोन्ही टोकांना धातूची टोपी. इस्माईलभाईंनी एक उचलून उन्हात धरली. तिच्यावर लाल रंगाचे दोन ठिपके होते. दुसरीवर एक. तिसरीवर तीन. त्यांनी ती परत ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"तुमचे होत?" सुमनबाईंनी विचारलं.

"हो."

मी डावा हात पुढं केला. त्यांनी मूठ मिटली.

"वरचा मानूस खाली आल्याबिगर देयाचे नसते," त्या म्हणाल्या. "त्यानंच सांगितलं होतं मले." आणि मग, माझ्याकडे न बघता, "देवाजीले निरोप द्या. म्हना, ताईनं बलावलं."

तो तिसऱ्या दिवशी बसनं आला. थांब्यापासून घरापर्यंत लंगडत यायला त्याला वेळ लागला, आणि त्या दारातच उभ्या होत्या. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी रस्त्याच्या पलीकडे होतो. एवढं दिसलं, की त्यांनी ते तिन्ही फ्यूज त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात घातले आणि वरून हात ठेवला.

मी पोलिसांत आणि खात्यात लेखी जबाब दिलाय. मुरमुरेवाल्या बाईंचाही जबाब झाला – या वेळी विचारलं त्यांना. पुढे जे व्हायचं ते होईल. नलूनं घरात घेतलं, बोलते कमी. गाडी शेडमध्ये आहे. वायरिंग निर्दोष आहे, मी पुन्हा सगळं तपासलं.

यंदा मार्चमध्ये नेलपॉलिशनं रंगवलेल्या नळ्या अकरा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या खिशात कशा गेल्या, याचा विचार करून मी थकलो. कुणाला सुचलं तर कळवा. पेन्सिल अजून हाताशी ठेवतो.

लोक विचारतात, तसले फ्यूज बाजारात मिळतात, लावत का नाही. पेटीतल्या तिन्ही खाचा मी रिकाम्याच ठेवल्यात. देवाजीकडे जे आहेत ते मी मागितलेले नाहीत. ज्यानं मागायचे, तो अजून खाली आलेला नाही.